आईच्या दातांची मधली रेघ

३ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आई तुझ्याकडून नवी कवळी बसवून सुखरूप पोचली. तू दातांचा डॉक्टर, मी शिवणकाम करणारी, तरी विचारते. कवळी स्वतः बसवलीस की हाताखालच्याकडून उरकून घेतलीस? पुढच्या दोन दातांमधली रेघ डावीकडे गेली आहे. बटणपट्टी तपासते तसा मी तिच्या कपाळावरून नाकाच्या शेंड्यावरून खाली दोरा सोडून बघितला. रेघ वाकडीच! घरचंच गिऱ्हाईक म्हणून तू हयगय केलीस, असा मला दाट संशय आहे.

हे मी तिच्यासमोरच बोलले. तेव्हापासून ती तोंडावर हात धरून हसायला लागली, आता तर हसतच नाही. मला ते बघवत नाही.

रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी ताई

११ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उरकून घ्यायला ती काय परक्याची आई आहे? तुझा दोरा सरळ, पण आईचं नाकच उजवीकडे झुकलेलं आहे. म्हणून आम्ही नाकाच्या शेंड्यावर विसंबत नाही. नाक आणि वरचा ओठ यांच्यामध्ये उभी पन्हळ असते ना, तिच्या मध्याशी दातांची रेघ जुळवतो. रेघ केसभर सरकली तर कोणाच्या लक्षात येत नाही, तिरपी झाली तर मात्र लगेच खटकते.

तिला उजेडात समोर बसव आणि पन्हळीपाशी दोरा धर. तरीही वाकडी दिसली तर नवी कवळी करून देतो. हे पत्र तिला वाचून दाखव, म्हणजे निर्धास्त हसेल.

संशयातून उरला असेल तेवढा लोभ असू दे.
तुझा धाकटा

१९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ताईने दोरा धरला. दात अगदी मध्यावर आहेत. ती ओशाळली आहे, तिला आता टोचून बोलू नकोस. पण तुझं पत्र तिने मोठ्याने वाचलं, आणि माझं नाक वाकडं आहे हे मला या वयात कळलं!

आता मला वेगळाच संशय आला. तुमचे बाबा फोटोग्राफर. जन्मभर माझे फोटो त्यांनीच काढले, आणि दर वेळी हनुवटीला बोट लावून माझी मान जराशी वळवली. मला वाटायचं, लाडाने करतात. काल सगळे फोटो काढून बघितले. एकातही नाक वाकडं दिसत नाही. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि मला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. असा राग आला म्हणून सांगू! मग एकटीच खो खो हसले, आणि हसता हसता रडू आलं. चांगली कडाकडा भांडले असते रे, पण ते आहेत कुठे?

दोघं एकमेकांवर लोभ ठेवा, आणि समोर आहात तोवर भांडूनही घ्या.
तुझी आई