म्हातारीची ज्वारी

सांगली, ऑक्टोबर १९४३. संध्याकाळ.

किळस आली आहे. अंगावरच्या घामाची नव्हे, वसंतरावांची.

बंगालच्या दुष्काळासाठी मदत गोळा करत आम्ही साताऱ्याहून सायकलींवर निघालो. वसंतराव आमचे पुढारी. हवा इतकी दमट की सदरा अंगाला चिकटलेला. इस्लामपूरजवळ एका म्हातारीने थांबवलं आणि ओच्यातली ज्वारी वसंतरावांच्या पिशवीत ओतली. "तितल्या उपाशी पोरांस्नी द्या, बाबा. लय न्हाई, पन हाय ती समदी दिली."

पुढच्या चढावर वसंतरावांनी ती रस्त्याकडेला ओतून टाकली. "ओझं कशाला? बंगाली लोक भात खातात." बाकीचे हसले. मी उतरून जमेल तेवढी वेचली, निम्मी मातीच हाती आली.

आणि आज सभेत, गळ्यात हार घालून, हेच गृहस्थ त्या म्हातारीची गोष्ट सांगताना रडले! खरोखर डोळ्यांत पाणी. माणसाला हे जमतं कसं?

ते व्यासपीठावरून उतरल्यावर मी विचारलं, "ज्वारीचं काय केलंत, ते का नाही सांगितलं?"

ते हळूच म्हणाले, "अरे, त्या गोष्टीवर बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. खरं सांगितलं असतं तर दिल्या असत्या?"

मला उत्तर सुचलं नाही. आता वसंतरावांपेक्षा त्या न सुचण्याचीच जास्त किळस येते आहे.