विशाखाचा फाटका ड्रेस

जयश्रीबेन, नमस्कार.

तुम्ही वर्गात शेठ आणि कामगारांचं संगीत नाटक बसवताय, त्यात आमच्या विशाखाला कामगारीण केलंत. फाटका ड्रेस घालून पाठवा म्हणालात. मी सचिन गावातल्या कापडाच्या कारखान्यात रफू करते. ड्रेस दोनदा फाडला, पण हात गप्प बसेना, दोन्ही वेळा रफू करून बसले. आता कुठे फाडला होता ते मलाही सापडत नाही.

आणि बेन, आमच्यात कामावर फाटकं घालून कोणी जात नाही. गुडघे फाटलेली जीन्स घालून येतो तो आमच्या शेठचा मुलगा. विशाखाला शेठ करा, लगेच फाडून देते.

हे तिला वाचून दाखवलं तर रडायलाच लागली. म्हणे, शेठला गाणंच नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला देतच नाही. ड्रेस तिसऱ्यांदा फाडलाय आणि सुईदोरा शेजारणीकडे ठेवायला दिलाय.

विशाखाची आई,
सुषमा