अडलेलं मॅग्नेट

फैजपूर, रविवार

प्रिय पितांबर,

पाकीट पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझी बहीण शेवंता ठणठणीत आहे, मीही ठीक आहे, फक्त माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय आणि त्याला कारण स्कूटर. हो, तीच. पंधरा वर्षं गोठ्यात ठिबकच्या नळ्यांखाली गाडली गेली होती, ती मी फाल्गुनात उकरून काढली. यंदा अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तुझ्याकडे दोंडाईच्याला एसटीने यायचं नाही, त्या स्कूटरवरच यायचं, असं मी ठरवलं. ठरवलं ते ठरवलं, वर सगळ्या गल्लीला सांगूनही बसलो. आता आखाजीला बारा दिवस उरलेत आणि परवापर्यंत इंजिन फिरायला तयार नव्हतं.

पंपाच्या मोटारींचं वायंडिंग भरणारा आमचा सुकदेव तुला आठवत असेल. त्याला गुरू केलं आणि इंजिन पूर्ण खोललं. बेअरिंग नवं, सील नवं, रिंगा नव्या. जोडून झाल्यावर वर ते जड चाक बसवलं, फ्लायव्हील, ज्याला तू आणि सगळे मेकॅनिक मॅग्नेट म्हणता. नट ढिला असेपर्यंत ते एका बोटाने गरगर फिरे. पाना लावून नट आवळला की ठप्प! किक मारायला जावं तर तीच उलटून मला हाणायची. नट सैल केला की पुन्हा गरगर, जसं काही झालंच नाही. सुकदेव म्हणाला बेअरिंग नीट बसलं नाही, म्हणून सगळं परत खोललं. बेअरिंग चोख होतं. मग म्हणाला क्रँक वाकडा आहे, म्हणून तो पिशवीत घालून जळगावला लेथवाल्याकडे नेला. त्याने तपासून सांगितलं की क्रँक सरळ आहे, आता तुम्ही दोघं एकदा स्वतःला तपासून घ्या. गल्लीतल्या झिपरू आबांनी लिंबू-मिरची बांधायला लावली, तीही बांधली. तिसऱ्या वेळी सुकदेवने मोठा हातोडा मागितला, तेव्हा मात्र मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं.

हे सगळं शेवंता गच्चीवर कुरडया घालता घालता दोन महिने बघत होती. परवा खाली आली, मॅग्नेटपाशी वाकली आणि मला म्हणाली, "तुमले बठ्ठं समजस, फक्त कोठे घासस तेच समजत नई." देवघरात गेली आणि मारुतीचा शेंदूर तेलात कालवून घेऊन आली. मॅग्नेटखालच्या प्लेटला तीन स्क्रू असतात ना, त्या तिन्हींच्या डोक्यांना तिने ठळक बोटं लावली. तीन मारुती एका देवळात! तुमची आई जातं जड झालं की त्याच्या दगडी पाळीला असाच गेरू लावून बघायची म्हणे. मॅग्नेट बसवलं, नट आवळला, जोर लावून अर्धा फेरा फिरवला आणि परत काढलं. दोन मारुती जसेच्या तसे, तिसऱ्याचा शेंदूर साफ पुसलेला. तो स्क्रू मीच बसवला होता रे. मूळचा हरवला म्हणून पंपाच्या स्टार्टरमधला काढून घातला, त्याचं डोकं जरासं जाड होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं सुद्धा नाही! आणि त्यापायी मी इंजिन दोनदा फाडलं, लेथवाल्याचे टोमणे ऐकले, नख घालवलं. बरोबर मापाचा स्क्रू लावला आणि पाचव्या किकला गाडी सुरू झाली. धूर एवढा झाला की शेजारच्या ज्योत्स्नाताईंच्या कुरडया काळ्या पडल्या. त्या अजून आमच्याशी बोलत नाहीत.

मी खुशीत शेवंताला म्हटलं, बस मागे, स्टँडपर्यंत चक्कर मारून आणतो. ती नाही म्हणाली. तुला माहीत आहे की नाही कोण जाणे, बेचाळीस वर्षांत ती या स्कूटरवर एकदाही बसलेली नाही. पदर चाकात जाईल म्हणायची. दवाखान्यात जायचं असो की लग्नाला, ती रिक्षाने आणि मी मागून स्कूटरने. मला वाटायचं, भित्री आहे. परवा मी चिडून म्हटलं, अगं, आता कसली भीती? तिने शेंदराचे हात पुसले आणि शांतपणे सांगितलं, "मन्हा भाऊनी गाडी शे ती. तो चालाडी, तव्हय बससू."

म्हणजे तू चालवशील तेव्हाच ती बसणार, पितांबर. लग्नातली ती पंगत समोर आली. नवरदेवाने रुसायचं असतं म्हणून मामांनी मला घड्याळ मागायला शिकवून आणलं होतं. पण मांडवाबाहेर तुझी नवी कोरी स्कूटर दिसली आणि माझी जीभ फिरली. तू मॅट्रिक झाल्यावर नंबर लावलेला, आठ वर्षं वाट पाहिलेली, चार दिवसांपूर्वी घरी आलेली गाडी. मी ताटाला हात लावेना. तुझ्या वडिलांचा चेहरा उतरला. मग तूच उठलास आणि माझ्या जिलबीशेजारी किल्ली ठेवलीस. सगळे हसले, तूही हसलास. नंतर कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला कित्येक वर्षं सायकलने गेलास. इथे आलास की तिचं प्लग-कार्बोरेटर साफ करून द्यायचास, पण चालवून पाहतो असं कधी म्हणाला नाहीस. आणि मीही कधी म्हटलं नाही.

फोनवर हा विषय काढला की तू "जाऊ द्या दाजी" म्हणून केळीचा भाव विचारतोस. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहिलं. मी चुकलो, पितांबर. मोठी चूक केली आणि वर्षानुवर्षं तिच्यावर बसून हिंडलो. आखाजीला स्कूटर घेऊन येतोय, कागद तुझ्या नावावर करायला सोबत आणतोय. शेवंता नेहमीसारखी एसटीने येईल. तू स्कूटर घेऊन स्टँडवर तिला आणायला जा. मी दारात उभा राहून तुमची वाट बघतो.

तुझाच,
नवल