उरलेला प्याला

प्रिय ताई,

हे पत्र पाठवायचं धाडस होईलसं वाटत नाही, तरी लिहिते. आईच्या शिलाई मशीनवरून आपलं वाजलं, तेव्हापासून मी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस घेतला नाही. सख्ख्या बहिणीशी अबोला धरून कुठल्या तोंडानं घेणार? पण चर्च काही सुटेना. म्हणून माणशी एक देतात ते द्राक्षरसाचे छोटे प्याले धुवायचं काम मागून घेतलं. सगळे वेदीपाशी जातात, तेव्हा मी मागच्या खोलीत नळापाशी असते.

दर वेळी ट्रेमध्ये एक बोटभर प्याला भरलेलाच परत यायचा. सहा वर्षं मी तो बेसिनमध्ये ओतला. वर पुटपुटायचे, "यांना साधी माणसं मोजता येत नाहीत!"

आज ओतायला गेले आणि चर्चचे पाळक दारात उभे. म्हणाले, "अहो, तो उरलेला नसतो. तुमच्यासाठी भरतो मी."

ताई, साबणाच्या हातांनीच घेतला मी तो. माझ्याकडून अबोला तिथेच संपला. मशीन तुझंच होतं गं, आईनं मला तसं सांगितलंही होतं.

निघताना पाळकांना म्हटलं, पुढच्या वेळी दोन भरा.

तुझीच,
हट्टी धाकटी