पश्चिमेची भिंत

मंगळवार, ४ नोव्हेंबर
पुन्हा बुरशी. पलंगामागे, वरच्या कोपऱ्यात. परवाच पुसली होती! बायकोचा, मेन्नाचा खोकला वाढलाय.
दोन फुटी दगडी भिंत. शंभर वर्षं वेल्सचा पाऊस प्यायली आणि वाऱ्यावर वाळली. मार्चमध्ये फुकटच्या सरकारी योजनेवाले आले, बाहेरून थर्माकोलच्या लाद्या चिकटवल्या, वर गिलावा. घर उबदार होईल म्हणे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
योजनेचा तपासनीस, प्रॉसर, येऊन गेला. आठ मिनिटं. भिंतीला हातसुद्धा लावला नाही. ओल तुमच्याच श्वासाची, खिडक्या उघडा, कपडे आत वाळवू नका, म्हणाला. वर, "आजोबा, चहा जरा कमी उकळा." चाळीस वर्षं दगड रचले मी, आणि हा मला चहा शिकवतो!  

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
लेक नेरिस आईला आपल्या घरी घेऊन गेली. भिंत वाळेपर्यंत बाईंना तिथे ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय. जावई गेथिन पिशव्या उचलत होता. योजनेच्या अर्जावर मी सही केलेली नाही, म्हणजे हे काम त्याचंच. फुकट दिसलं की धावतो. तोंडावर सुनावलं. तो एवढंच म्हणाला, "बाबा, भिंतीवरचा राग भिंतीवरच काढा."

रविवार, ९ नोव्हेंबर
चॅपलला गेलो नाही. लाद्या काढल्या तर दंड होईल का? योजनेचं पत्र तीनदा वाचलं. निम्मं कळलं नाही. लिहिणाऱ्यालाही कळलं नसेल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
शिडी लावली. वर जाऊन बघतो तर काय — लाद्यांमुळे भिंत चार बोटं पुढे आलीय, छपराची कड मात्र होती तिथेच. ती पुढे ओढायला हवी होती. कोणी ओढलीच नाही. सगळं पाणी सरळ लादीमागे! गाढव लोक.
छिन्नी घातली. पहिली लादी निघाली आणि बादलीभर पाणी अंगावर. मागचा दगड काळा, ओलाचिंब.
गेथिन न बोलावता आला. शिडी धरली. "उतरा, मी काढतो." उतरलो नाही. दोन तास धरून उभा होता. सहीचं काही बोलला नाही. 

शनिवार, १५ नोव्हेंबर
भिंत मोकळी. वारा लागतोय. वसंतापर्यंत वाळेल, मग चुना देईन. मेन्नाला फोन करून सांगितलं. घर पहिल्यासारखं होणार, म्हटलं. तिने फोन नेरिसकडे दिला.

रविवार, १६ नोव्हेंबर
मेन्नाचा फोन. "अहो, सही माझी होती. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला त्या घरात थंडी वाजते."
एकावन्न वर्षं. मी कधी विचारलं नव्हतं.