गाडी आता कण्हत नाही

भाऊ,

गाडीचा मागचा डिफरन्शियल गेला. तुम्ही असतात तर 'तेल बघितलं होतंस का?' हा पहिला प्रश्न आला असता, आणि दुसरा आलाच नसता, कारण पहिल्याचं उत्तर ऐकून तुम्ही चपला घालून अंगणात गेला असता. म्हणून आधीच सांगतो, तेल बघितलं होतं. त्याला तेल म्हणणं ही आपली समजूत होती, एवढंच. मी तुमचा मुलगा, वडील म्हणून तुम्हीच मला पाठशाळेत घातलंत, 'घरात एकाचे तरी हात स्वच्छ राहू देत' म्हणालात, आणि आता तुमची पिकअप माझ्याच स्वच्छ हातांत आहे. शाळेत संस्कृतचे धातू चालवायला शिकवतो आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या वाहतो. दोन्हीकडे माल हल्ली नरमच निघतो.

आईला डोळे दाखवायला रत्नागिरीला नेलं होतं. परतताना निवळीच्या चढावर, दुपारची वेळ, दोन्ही बाजूंना कातळावरचं गवत पिवळं पडलेलं, आणि वारा असा की वाटावं, गाडी चढत नाहीये, डोंगरच हळूहळू मागं सरकतोय. तुमचा तो आवाज चालू होता. मागून येणारा, न थांबणारा. दुसऱ्या गियरला बारीक, तिसऱ्याला भरदार, जणू कोणी ओंकार म्हणायला घेतला आणि शेवटच्या मकारातच रमून बसला. मग मागं काहीतरी खाडकन तुटलं. इंजिन ओरडतंय, गियर पडलाय, आणि गाडी उलटी उताराला लागलीय. हँडब्रेक ओढला, उडी मारून चाकामागं चिऱ्याचा तुकडा सरकवला, आणि घामाघूम होऊन वर बघतो तर आई खिडकीतून विचारतेय, "थांबलास कशाला? करवंदं दिसली काय?"

त्या आवाजाचं मूळ तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तुम्ही ते सोयीस्कर विसरला असाल म्हणून सांगतो. मागच्या धुऱ्यात, डिफरन्शियलच्या पेटीत, एक मोठं दातेरी चाक असतं आणि त्याला फिरवणारं एक लहान, क्राऊन आणि पिनियन. ही जोडी एकमेकांवर घासून, एकमेकांच्या मापानं तयार करतात. बदलायची तर दोन्ही बदलायची. तुमचं लहान चाक झिजलं तेव्हा तुम्ही मंडणगडच्या कुठल्याशा भंगारातून तेवढंच उचलून आणलंत. तेव्हाच्या मिस्त्रीनं दातांना तेलात कालवलेला शेंदूर फासून चाक फिरवून दाखवलं होतं. शेंदूर दातांच्या मधोमध पुसला जायला हवा, तो पार कडेला पुसला गेला. तुम्ही वाकून बघितलंत, एखाद्या मारुतीचं दर्शन घ्यावं तसं, आणि म्हणालात, "चालेल." आणि चालली की. कण्हत का होईना, चालली. चिरे वाहिले, लग्नाची भांडी वाहिली, एकदा वेळणेश्वरच्या उत्सवाला अख्खं भजनी मंडळ टाळांसकट वाहिलं. वाडीखालच्या ओढ्याच्या मोरीवर गाडी आली की इथं स्वयंपाकघरात ऐकू यायचं, आई आधण ठेवायची, आणि तुम्ही दारात पाय धुवेपर्यंत चहा गाळलेला असायचा. वाडीतल्या कोणालाही घड्याळ लागायचं नाही. लोक वाट बघायचे ती तुमची, हा तुमचा समज होता. खरं तर त्या आवाजाची बघायचे, म्हणजे एकदाची सांज झाली म्हणता यायचं.

मग तुम्ही गेलात, आणि गंमत अशी की संध्याकाळी येत राहिलात. गाडी मी चालवायचो, पण मोरीवर आवाज तोच. आई आधण ठेवायची, चहा तयार असायचा, आणि दारात पाय धुताना क्षणभर मला स्वतःलाच कळायचं नाही की घरी कोण आलंय. तुमचा फोटो भिंतीवर आहे, पण तो कुठल्यातरी लग्नातला, त्यात तुम्ही कोणाच्या तरी भीतीनं ताठ बसलाय. तुमचं बोलणं कुठं भरून ठेवलेलं नाही. राहिला होता तो हा आवाज, आणि तो निवळीच्या चढावर तुटून पडला होता.

हातखंब्याच्या अलीकडच्या गॅरेजमध्ये गाडी ओढून नेली. तिथला मिस्त्री तरुण, गोल पोटाचा, आणि बोलण्यात कोणाला हार न जाणारा. धुऱ्याचं झाकण उघडून त्यानं खाली परात धरली.

"सर, कसला तेल हा? नुसता लोखंडाचा काढा. कोणाला पाजायचा व्हता काय?"

काळ्या काढ्यातून तुटलेले दात निघाले, तुमच्या मंडणगडच्या पाहुण्याचे. त्यानं ते माझ्या तळहातावर ठेवले. मग त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक, त्याच्याकडं जुन्या गाडीचं लहान चाक पडलेलं होतं, तेवढंच बसवायचं. "गाडी चालंल, पण बोंबलंल. आता बोंबलते तशीच, थोडी जास्तच." दुसरी, नव्या मॉडेलचा अख्खा मागचा धुरा, आतल्या जोडीसकट. दातांचं गणित वेगळं, त्यामुळं पळणार कमी, ओढणार जास्त. "घाटात बघा, रेड्यासारखी चढंल. आन् आवाज म्हणाल तर मांजर."

कुठल्याही शहाण्या माणसानं दुसरी वाट धरली असती. माझ्या ओठांवर मात्र पहिली आली होती, आणि तिच्यासाठी मी कारणंही रचत होतो. नवा धुरा जुन्या गाडीला मानवेल का, आंब्याचा हंगाम तोंडावर, नवीन मालाचा काय भरवसा. पाठशाळेत वाद शिकलेला माणूस खोटं बोलताना फार व्यवस्थित बोलतो. आई मागं प्लास्टिकच्या खुर्चीत चष्म्याचा नवा नंबर अजमावत बसली होती.

"कसला एवढा विचार चाललाय?" ती म्हणाली.

"आवाज जाईल ना गं."

"मग जाऊ दे की."

"भाऊंचा आवाज आहे तो."

"भाऊंचा कसला, भंगाराचा," आई म्हणाली. "जोडीतलं एक जुनं ठेवून दुसरं परकं आणलं की घर कुरकुरणारच. मला विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. इतकी वर्षं शेजारी बसून माझे कान किटले, आणि हा निघाला ते जपायला." मग मिस्त्रीकडं वळून, "अरे बाबा, तू अख्खं बदल. ह्याचं ऐकू नको, हा शिकलेला आहे."

मिस्त्री मनापासून हसला. "आजीनू, तुम्ही गॅरेज काढा, मी चाय करतो."

धुरा बसेपर्यंत मी बाकावर बसून होतो. फणसाच्या सावलीत डोळा लागायच्या बेतात, आणि तुम्ही मला स्वयंपाकघरात डिफरन्शियल समजावताय. पाटावर दोन करवंट्या, मधे लाटणं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं, आतल्यानं तेवढं दमानं घ्यायचं, आणि मधली दातेरी चाकं ज्याला जशी हवी तशी वाट देतात. मी नुकताच पाठशाळेतून सुट्टीवर आलेला. मी म्हणतो, आमच्यात ह्याला काकाक्षिगोलकन्याय म्हणतात, कावळ्याला बुबुळ एकच, ते तो लागेल तसं दोन्ही डोळ्यांत फिरवतो. तुम्ही लाटणं खाली ठेवता. "म्हणजे तुमच्याकडं हे आधीच होतं," तुम्ही गंभीरपणे म्हणता. "फक्त गाडी तेवढी राहिली." त्यावर आई अशी हसते की पोळी करपते. मग पुढचं दिसेनासं होतं, आणि समोर मिस्त्री चावी घेऊन उभा असतो.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. नव्या धुऱ्यामुळं वेगाचा काटा आता वाढवून सांगतो. जातो मी बैलगाडीच्या वेगानं, आणि काटा दाखवतो की मी मुंबईला निघालोय. मिस्त्री म्हणाला, दुरुस्त करून देतो. मी म्हटलं, राहू दे, ह्या वयात कोणीतरी वाढवून सांगणारं हवं.

घरी निघालो तेव्हा चढावर गाडी खरोखर मांजरासारखी चढत होती. सवयीनं मी आईशी ओरडून बोललो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी लाजलो. ह्या गाडीत आपण सगळेच आयुष्यभर ओरडत आलो होतो. मी लहानपणी मागं पेट्यांवर बसायचो, पुढं तुम्ही दोघं. आईनं आवाज उतरवला, अगदी देवघरात बोलावं तसा. "इथं ते गुणगुणायचे," ती म्हणाली.

"कोण, भाऊ?" माझा विश्वास बसेना. तुम्ही आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवायचात.

"चढ लागला की. गाडीच्या आवाजात आवाज मिसळून. कोणाला कळणार नाही असं त्यांना वाटायचं. मी शेजारी, मला कळायचं."

"काय गुणगुणायचे?"

"कोणास ठाऊक. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबले असते."

चढ संपेपर्यंत टायरांची सरसर तेवढी ऐकू येत होती. इतकी वर्षं जे ऐकत आलो त्यात लोखंड किती आणि तुम्ही किती, हे आता वेगळं काढता येणार नाही. इतर बाबतींत मी चिकाटीनं पदच्छेद करतो, इथं हात जोडले.

मोरीवर गाडी आलेली आता घरात कळत नाही. मी दारात उभा राहतो तेव्हा आधण ठेवलेलं नसतं, आई म्हणते, "आलास होय, कळलंच नाही," आणि चहा उशिरा होतो. ही तक्रार नाही, तुमच्या माहितीसाठी. हे पत्र तुम्हाला पोचतं करणारा टपालवाला आपल्या भागात नाही, आणि असता तरी तुम्ही ते उलटं धरून पाठच्या कोऱ्या बाजूवर पेट्यांचा हिशेब मांडला असतात. तेव्हा ते इथंच राहील.

फक्त एक. परवा पुन्हा आईला घेऊन रत्नागिरीहून येत होतो. निवळीचा चढ संपला आणि मला कळलं की तोंड मिटून मी गुणगुणत होतो. काय, ते मला सांगता येणार नाही. आई शेजारीच होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि तिनं काही विचारलं नाही.