बुटावरचं झुरळ

शनिवार, संध्याकाळ. डहाणू.

जीभ आवरायला हवी होती. मनूचे बास्केटबॉलचे बूट कासाच्या बाजारातून आणले, तेव्हाच. एका परदेशी खेळाडूच्या नावाचे, तरी आपल्याला परवडणारे. साध्या घरातल्या पोरांनाही घेता यावेत म्हणून त्यानेच किंमत कमी ठेवायला लावली, हे लेक किती कौतुकाने सांगत होती! आणि मी काय बघितलं? लोगो. हातपाय फाकून उडी मारणारा माणूस. म्हटलं, "हे तर उताणं पडलेलं झुरळ!" ती पोट धरून हसली.

आज बघते तर दोन्ही बुटांवरचं झुरळ ब्लेडने खरवडलेलं. उद्या तलासरीला मॅच, आणि बाईसाहेब म्हणतात, जाणार नाही.

"टीममधल्या सगळ्या मला झुरळ म्हणतात."

"त्यांना कोणी शिकवलं?"

"मीच. तुझा जोक भारी होता, म्हणून सांगितला."

दर आठवड्याला पेपरातल्या माझ्या सदरात मी भल्याभल्यांची टोपी उडवते. कोणाला लागलं की बरंच वाटतं. आज मलाच लागलं.

कपाटातून पांढरा ऑइलपेंट काढला आणि बुटांवरचा तो माणूस परत रंगवायला बसले. त्याचा वर केलेला हात काही केल्या जमेना. पाय तर वाकडेच. मनू शेजारी येऊन टेकली.

"आई, आता मात्र खरंच झुरळ दिसतंय."

उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. कारण ती बूट उचलून खिडकीत वाळत ठेवत होती, सकाळपर्यंत सुकावेत म्हणून.